चौथ्या रिंगचा नियम

मी सल्लागार साहेबांच्या टेबलावरचा फोन. आजवर सगळे माझ्यातून बोलले, माझ्याशी कुणी बोललं नाही. म्हणून आज मीच तोंड उघडतोय.

साहेब इमारतींचे इंजिनियर. सव्वीस वर्षं राबवून घेऊन कंपनीने त्यांना नारळ दिला. मग अडगळीच्या खोलीतल्या गाद्या माळ्यावर गेल्या आणि तिथे टेबल, प्रिंटर, इंटरनेटची डबी आणि मी असा घरच्या घरी ऑफिसचा संसार मांडला गेला. साहेब मला रोज फडक्याने पुसायचे. एवढा मान मला दुकानातही नव्हता.

सगळी जोडाजोड मेहुण्यांनी केली. ते फोनवरून विमे विकायचे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. पहिल्या रिंगला फोन उचलणारा माणूस रिकामटेकडा वाटतो, असं त्यांचं ठाम मत. "भावजी, चौथ्या रिंगशिवाय हात लावायचा नाही. आणि दिवसाकाठी एक फोन सोडूनच द्यायचा. निरोप ठेवू दे समोरच्याला. दहा मिनिटांनी आपण करायचा."

मग साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, आवाजात माझ्यात बोलणं भरलं. नकाशांसाठी एक दाबा, साइटसाठी दोन दाबा, आमचे सर्व इंजिनियर कामात आहेत. एक दाबा नाहीतर दोन, वाजायचो मीच. सर्व इंजिनियर म्हणजे एकटे साहेब, आणि ते माझ्यासमोर हाताची घडी घालून रिंग मोजत बसलेले. बाईंना हसू आवरायचं नाही. मलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू?

पाच महिन्यांनी एका छापखान्याचं काम मिळालं. तिथल्या खांबाला तडा गेला होता. साहेबांनी टेकू लावायला सांगितले, तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवली आणि फोरमनला समजावलं, की तडा हलला तर काच फुटेल. फुटली की मला फोन करायचा, पुढचं मी सांगेन. फोरमन रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी बघायचा.

त्या दुपारी तीनला मी वाजलो. त्या दिवशीचा सोडायचा फोन अजून झाला नव्हता. साहेब चहा करायला उठले. मी जीव तोडून वाजत होतो. आणखी काय करणार, मला हात थोडेच आहेत?

"साहेब, छापखान्यातून फोरमन बोलतोय. पट्टी फुटलीय. माणसं बाहेर काढू का? मालक म्हणतात, इंजिनियर सांगतील तसं करा. मी इथंच फोनपाशी थांबतो."

तो खरंच थांबला. साहेब कप घेऊन आले, निरोप ऐकला, आणि चहा टेबलभर सांडला. त्यांनी तिकडे फोन लावला, पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. तोवर खांब कोसळला होता. त्याखाली फोरमन आणि दोन कामगार गेले.

चौकशीत साहेब सुटले, कारण टेकू मालकाने लावलेच नव्हते. मेहुणे म्हणाले, तो निरोप पुसून टाका. साहेबांनी ऐकलं नाही. ते अजून तो ऐकतात, आणि मला तो ऐकवावा लागतो. मला त्याचा फार त्रास होतो.

चार दिवसांपूर्वी फोरमनच्या बायकोचा फोन आला.

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं ना, काय करू म्हणून. तुम्ही काय सांगितलं असतं?"

"बाहेर पडा."

"एवढंच?"

"एवढंच."

मग तिने त्या दोन कामगारांच्या घरचे नंबर सांगितले. "हे त्यांनाही सांगा. तुमचा फोन येईल असं मी कळवून ठेवलंय."

साहेबांनी नंबर लिहून घेतले. रोज ते मला उचलतात, निम्मा नंबर दाबतात आणि खाली ठेवतात. बाई दारात उभ्या राहून बघतात आणि आत जातात. मला कुणी आता पुसत नाही, त्याचं काही नाही. उद्या माळ्यावर टाकलंत तरी मी तक्रार करणार नाही.

पण आधी तेवढे दोन फोन लावा, साहेब. ती माणसं थांबली आहेत.