चरावरचा फ्लेक्स

दीपिकाने तक्रार केली नसती तर चर एव्हाना बुजलाही असता, असं बुधाजी चाळीत सगळे म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर तिलाही आतून तसंच वाटत होतं.

केबलवाल्यांनी गल्लीत आडवा चर मारला तेव्हा सगळं रीतसर दिसत होतं. दोन्ही अंगांना पिवळे-काळे पत्रे, ये-जा करायला लोखंडी प्लेट आणि पत्र्यावर परवानगीचा बोर्ड. चाळीत बोर्ड वाचणारी एकटी दीपिकाच. परळच्या एका लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट तपासून तिला आकडे वाचायची खोडच लागली होती. मुदतीच्या तारखेवर एक छोटा स्टिकर दिसला. तिने तो नखाने उचकटला. खाली खरी तारीख होती, अकरा दिवसांपूर्वी उलटून गेलेली. तिने फोटो काढून पालिकेच्या ॲपवर टाकला आणि चौथ्या दिवशी वॉर्ड ऑफिसची गाडी येऊन काम बंद करून गेली. तिच्या नवऱ्याने, प्रफुल्लने, "मॅडम, सलाम तुम्हाला," म्हणत हात जोडले.

त्याच संध्याकाळी कंत्राटदाराचा टेम्पो आला. त्याने आपले पत्रे उचलले, आपली प्लेट उचलली, बोर्डही उचलला आणि गेला. चर तेवढा मागे राहिला.

चर दीपिकाच्या छातीइतका खोल होता. तळाला कुठल्याशा गळतीचं काळं पाणी, त्यातून जुन्या पाइपाचं फुटकं तोंड वर आलेलं. भिंतीलगत एक माणूस जेमतेम जाईल एवढी न खोदलेली वाट. प्रफुल्लने दोन बांबूंना दोरी बांधली. सकाळी ती दोरी कोणाच्या तरी गॅलरीत कपडे वाळवत होती.

दीपिकाची झोप उडाली ती सासऱ्यांमुळे. कोंडीराम, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांचे डोळे काचबिंदूने गेले होते. अगदीच नाही, उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं कळायचं. तेवढ्या भांडवलावर ते रोज दुपारी चार वर्षांच्या सुरुचीला गल्लीच्या आतल्या टोकाच्या बालवाडीतून घरी आणत. ते काम कोणी काढून घेऊ म्हटलं की उसळत.

"पंचवीस वर्षं गिरणीत साचे चालवले मी. एक पोरगी सांभाळता येत नाही होय?"

"अप्पा, पण तो चर..."

"दिसतो मला. काळं दिसलं की चर. काळं सोडायचं नि उजेडात चालायचं. सोप्पंय."

आणि ते खरंच तसे चालत. भिंतीला हात लावून, काळं डाव्या अंगाला ठेवून. दीपिका एकदा खिडकीतून श्वास धरून बघत राहिली होती. पाऊल चुकलं नाही. पण म्हणून तिचा जीव भांड्यात पडला असंही नाही.

काम बंद पडल्यापासून पाचव्या दिवशी हाफ डे टाकून ती वॉर्ड ऑफिसात गेली. रस्ते विभागातला इंजिनीअर तरुण होता, चांगला बोलत होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, कॉम्प्युटरवर नंबर टाकला.

"मॅडम, तुमची तक्रार बंद झालीय."

"बंद कशी होईल? चर उघडा आहे."

"तक्रार काय होती तुमची? मुदत संपून काम चालू आहे. काम थांबवलं आम्ही. म्हणून बंद."

"मग बुजवा ना आता."

"बुजवणारा कंत्राटदार वेगळा असतो. कंपनीने काम पूर्ण झाल्याचं पत्र दिलं की त्याला ऑर्डर जाते. आता काम पूर्ण कसं होणार? ते तर..." तो जरा अवघडला. "ते तर तुमच्याच तक्रारीवरून थांबलंय."

"निदान पत्रे तरी लावायला सांगा हो. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत."

"नोटीस काढलीय मॅडम. सात दिवस असतात त्याला. तुम्ही असं करा, धोकादायक खड्डा म्हणून नवीन तक्रार टाका. मी आजच बघतो."

तिने ॲप उघडायला फोन काढला आणि तेवढ्यात चाळीच्या ग्रुपवर फोटो आला. वरच्या मजल्यावरच्या मालनकाकूंनी टाकलेला. "डासांचा आणि वासाचा बंदोबस्त. आपलं आपणच करावं लागतं."

फोटोत चर नव्हता. चराच्या जागी पांढरंशुभ्र, ताणून बसवलेलं, सपाट असं काहीतरी होतं.

तिने मालनकाकूंना फोन लावला.

"गो बाय, बघलंस मा? कसा चकाचक केला!" मागे हॉर्न वाजत होते. "मंडळाच्या माळ्यार तो वाढदिवसाचो फ्लेक्स पडलेलो. उलटो घातलो हां, फोटोंवर लोकांचे पाय पडाक नको. कडेन पेव्हर ब्लॉक ठेवले."

"काकू, अप्पा कुठे आहेत?"

"ते कधीच गेले पोरीक आणूक. तेंच्या मागसून घातलो आम्ही. आता हिंदमाताक चल्लंव टॅक्सीन, साडी बदलूची आसा. तुझी सासू पण आसा, घे, बोल."

"काय गं?" राधाबाईंचा आवाज.

"आई, ते पांढरं आहे."

राधाबाई ओरडल्या, ते तिला नव्हे, ड्रायव्हरला. "गाडी फिरवा ओ! फिरवा म्हणते ना!"

बाराला दहा कमी होते. बालवाडी बाराला सुटायची. तिने बालवाडीच्या बाईंना फोन लावला. वाजून वाजून थांबला. अप्पांचा फोन घरात चार्जिंगला असायचा, तो ते कधी बरोबर नेत नसत. दीपिका जिना उतरली आणि पळत सुटली. टॅक्सी मिळाली ती पुलाखाली अडकली. पैसे पुढच्या सीटवर टाकून ती उतरली आणि पुन्हा पळू लागली. कॉलेजात ती कधी धावली नव्हती. ओढणी पायात येत होती, तोंड कोरडं पडलं होतं आणि डोक्यात एकच वाक्य चाललं होतं: काळं सोडायचं नि उजेडात चालायचं.

ती गल्लीत शिरली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भर दुपारी गल्ली ओस. चाळीच्या दारापुढे उन्हात तो फ्लेक्स असा चमकत होता, की डोळस माणसालाही तीच वाट खरी वाटावी. आणि त्याच्यापलीकडे, वीसेक पावलांवर, अप्पा येत होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात सुरुची. भिंत सोडून, सरळ, गल्लीच्या मधोमध.

हाक गळ्यापर्यंत आली आणि दीपिकाने ती तिथेच दाबली.

आई दिसली की सुरुची हात सोडून धावत सुटते. मागच्याच आठवड्यात बालवाडीच्या फाटकातून ती अशीच सुसाट आली होती, मध्ये उभी असलेली सायकल पाडून. आता हाक मारली तर ती सरळ येईल. पांढऱ्यावरून येईल.

दीपिकाने ओढणी डोक्यावरून तोंडापर्यंत ओढली, पाठ फिरवली आणि कचरा वेचणाऱ्या बाईसारखी वाकून मागे मागे सरकत चराच्या कडेला आली. पहिला ब्लॉक ढकलला. दुसरा. तिसरा हलेना, नखं मोडली. मागे छोट्या चपलांचा फटफट आवाज जवळ येत होता.

"आजोबा, ती बाई आपला रस्ता काढतेय."

"कोण आहे रे तिकडं?"

तिने ओठ घट्ट मिटले. एक शब्द जरी बोलली असती तरी पोरीने आवाज ओळखला असता. तिसऱ्या ब्लॉकला तिने टाच लावली, तो सुटून चरात पडला, पाण्याचा आवाज झाला. मग फ्लेक्सची कड दोन्ही मुठींत धरून तिने सगळं अंग पुढे झोकलं. एक बाजू सुटली, फ्लेक्स वळला, चाळीस माणसांचे हसरे चेहरे उलटे होऊन खाली घसरत गेले.

चपलांचा आवाज थांबला.

"थांब पोरी," अप्पा म्हणाले. "काळं आलं."

दीपिका भिंतीला घासत पलीकडे गेली, आधी पोरीचं मनगट धरलं आणि मगच ओढणी काढली. "आई!" सुरुची चित्कारली आणि तिच्या अंगावर झेपावली. दीपिका तिथेच रस्त्यावर बसली.

"दीपिका?" अप्पा चाचपडत म्हणाले. "मघाशी इथं उजेड होता गं."

तिने सांगितलं. फ्लेक्सचं, डासांचं, फोटोंवर पाय पडू नये म्हणून उलटा घातल्याचं. अप्पा ऐकत होते. मग त्यांनी उकिडवं बसून छत्री चरात सोडली. तळ लागला नाही. ते आणखी वाकले, खांद्यापर्यंत हात आत घातला. तेव्हा कुठे टोक पाण्यात बुडालं.

"किती आहे?"

"माझ्या छातीइतका."

"आणि हिच्या?"

दीपिकाने पोरीला आणखी जवळ ओढलं. सुरुची तिच्या कानातलं डूल ओढत होती.

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी करकचून थांबली. राधाबाई एका पायात चप्पल घालून धावत येत होत्या, मागून मालनकाकू "पडलां काय? कोण पडलां?" करत. दीपिकाने हात वर करून नाही, नाही, अशी खूण केली.

अप्पा उठले. त्यांनी अंदाजाने हात पुढे करून सुरुचीचा हात शोधला, जरा वेळ धरला आणि तो दीपिकाच्या हातात ठेवला.

"उद्यापासून तू आणत जा हिला."

"अप्पा, मी कामावर असते."

"मग राधा आणील. मी नाही."

"आज तुम्हीच थांबवलंत तिला. मी नाही."

"आज," अप्पा म्हणाले.

भिंतीलगतच्या वाटेने दीपिका पोरीला पलीकडे सासूच्या हातात देऊन परत आली. अप्पा अजून तिथेच होते. प्लेट उचलल्या दिवसापासून रोज दोनदा त्यांनी ती वाट कोणाचा आधार न घेता केली होती. त्यांनी भिंतीला हात लावला, पाऊल उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

"मला धर," ते म्हणाले.