मागून आलेली हाक

त्या वळणावर आम्रपालीनं मोजलं ते असं: पायवाटेची रुंदी एकशे दहा सेंटिमीटर. वळणापलीकडचं माणूस दिसू लागतं ते अंतर अकरा मीटर. विळा एक. गवताचा भारा एक, सुटलेला. चपला दोन, एक वाटेवर, दुसरी चार मीटर खाली घाणेरीच्या झुडपात. मुरमावर चाकाचा ओरखडा एक, लांबी सहा मीटर वीस. हिरव्या बांगडीचे तुकडे अकरा. बाई एक, पण ती यादीत नव्हती, कारण यादी करायला घेतली तेव्हा तिला चाकणच्या दवाखान्यात नेऊन तीन तास झाले होते.

यादीचा कागद आता कासारवाडीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर होता. शेजारी एक छापील फॉर्म. सोमवारची संध्याकाळ होती. आम्रपाली कंपनीतून आल्यापासून त्या फॉर्मसमोर बसली होती आणि चहावर साय धरली होती.

ती चाकणच्या एका ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात होती. भाग बिघडला की तिथं पाच वेळा 'का?' विचारायचं आणि मूळ कारणापर्यंत जायचं, अशी पद्धत. त्याचाच हा फॉर्म. पण या वेळी बिघडला होता तो भाग नव्हता. पुतळाबाई नावाच्या, पासष्टीच्या बाईचं खुब्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि ज्या सायकलनं ते मोडलं ती आम्रपालीची होती.

दर रविवारी आठ जणांचा त्यांचा गट चाकणच्या पश्चिमेकडच्या वाघजाईच्या टेकडीवर जायचा. सायकली बॅटरीवरच्या. पायडल मारलं की आतली मोटर जोर लावते. आवाज जवळजवळ नाहीच. ताशी पंचवीस किलोमीटरला मोटर आपोआप बंद होते, पण गटाचा पुढारी सिद्धेश यानं मोबाइलवरून ती मर्यादा सगळ्यांच्या सायकलींतून काढून टाकली होती. "पंचवीसनं जायला आपण दूधवाले आहोत का राव?" असं तो म्हणाला आणि सगळे हसले. घंट्याही काढल्या होत्या. घंटी शोभत नाही म्हणून.

त्या रविवारी सपाट वाटेच्या वळणावर सिद्धेश पुढं होता. "साइड! साइड!" ओरडत तो एका गवतवालीच्या बाजूनं सुटला. मागून आम्रपाली, ताशी एकतीसनं. गवतवाली वळली. बस, एवढंच.

बुधवारी ग्रामपंचायतीत बैठक होती, वनरक्षकही येणार होते. सिद्धेशचा दुपारी फोन आला होता. "तू क्वालिटीवाली आहेस, तुझ्या फॉर्मला वजन आहे. बाई अचानक वळली एवढं त्यात येऊ दे. सकाळी नऊपर्यंत चालणाऱ्यांना बंदी आणि रायडर्सना वाट, असं मागू. नाहीतर गाववाले आपल्यालाच बंद करतील."

आम्रपालीनं लिहिलं होतं. धडक का बसली? बाई वाटेत आली. का? अचानक वळली. का? मागची सायकल दिसली नाही. का? पाहिलं नाही. का? लक्ष नव्हतं. मूळ कारण: पादचाऱ्याची असावधानता.

सहीची जागा तेवढी कोरी होती.

तिचे वडील कोंडीराम समोर येऊन बसले. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवली, आणि निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन फॉर्म वाचला.

"असावधानता म्हणजे गं काय?"

"लक्ष नव्हतं तिचं, पप्पा. 'साइड' म्हटल्यावर माणूस बाजूला होतो. ती उलट भर वाटेत वळली."

"डोक्यावर काय होतं तिच्या?"

"गवत."

कोंडीराम उठून आत गेले आणि गुंडाळलेली गादी घेऊन आले. "घे डोक्यावर. पुढं-मागं लांब येईल अशी धर."

"पप्पा, काहीतरीच काय!"

"इंजिनिअर आहेस ना? मग टेस्ट कर की."

आम्रपालीनं गादी डोक्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. कोंडीराम तिच्या पाठीमागं गेले आणि कारखान्यातल्या आवाजात एकदम ओरडले, "साइड!"

तिनं मागं बघायला मान वळवली. मान वळेना. ओझं मानेवर दाबून बसलं होतं. मग ती अख्खी वळली, पायांपासून. गादीच्या एका टोकानं फ्रिजवरची बाटली उडवली, दुसरं टोक शोकेसच्या काचेवर धपकन आदळलं.

"अगं बाई! घर पाडता का आता?" स्वयंपाकघरातून प्रभावती धावत आल्या. "मी इथं भाकरी थापतेय आणि बापलेकीची सर्कस चाललीय!"

आम्रपाली गादी घेऊन तशीच उभी राहिली. टोक किती फिरलं? दीड मीटर तरी नक्की. वाट एकशे दहा सेंटिमीटर. म्हणजे वळली की वाट बंद! तिनं बांगडीचे तुकडे मोजले होते, ओरखडा मोजला होता. आणि भाऱ्याची लांबी? ती तिनं मोजलीच नव्हती!

"ती चुकून आडवी आली नाही," ती हळूच म्हणाली. "आम्ही तिला आडवी केली."

"बस खाली," कोंडीराम म्हणाले. "तुला एक सांगायचंय. तुझ्या मम्मीलाही ठाऊक नाही."

प्रभावती दारातच थांबल्या.

"आमच्याकडं पहिल्यांदा डिझेलच्या फोर्कलिफ्ट होत्या. धडधडत यायच्या, माणूस आपोआप बाजूला व्हायचा. मग बॅटरीच्या आल्या. धूर नाही, आवाज नाही. आम्ही खूश. दुसऱ्याच महिन्यात रंगराव म्हणून स्टोअरचा माणूस पाठमोरा पेट्या मोजत होता. मी मागनं रिव्हर्स आलो. त्याच्या पायावरनं चाक गेलं."

"तुम्ही?"

"मीच. साहेबांनी रिपोर्ट लिहिला, 'कामगाराचे लक्ष नव्हते.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही. पुढं हॉर्न आले, जमिनीवर पिवळे पट्टे आले, माणूस आणि गाडी समोरासमोर आले तर गाडीनं थांबायचं असा नियम आला. पण रिपोर्ट तोच राहिला. रंगरावला गेटवर बसवला. वीस वर्षं मी त्याच्यासमोरनं डबा घेऊन जायचो आणि तो म्हणायचा, 'कोंडीराम, माझंच ध्यान नव्हतं रे त्या दिवशी.' मागच्या साली गेला. तसंच समजत गेला."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी प्रभावती हलल्या नाहीत.

"पाय माझ्या गाडीनं मोडला, ते एकदा घडून गेलं," कोंडीराम म्हणाले. "पण चूक त्याच्या गळ्यात घातली, ती त्यानं रोज वाहिली. ज्याच्या गाडीला आवाज नाही, त्यानं जास्त जपायचं असतं आमू. ऐकू न आलेल्याला दोष कसला द्यायचा?"

मंगळवारी आम्रपालीनं सुट्टी टाकली आणि चाकणच्या दवाखान्यात गेली. पुतळाबाईंच्या पायात सळई घातली होती. उशाशी त्यांची नात हर्षाली बसली होती. ती आम्रपालीला बघून उभी राहिली.

"आता तुम्ही कशाला? परवा तुमच्या गटाचे ते सर येऊन गेले ना सफरचंदं घेऊन?"

"हर्षे, बसू दे तिला," पुतळाबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. "कोन गं तू?"

"ती सायकल माझी होती, आजी."

पुतळाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "लागलं न्हाई ना तुला?"

आम्रपालीनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"त्यो उंच दादा म्हनला, आजी तुमी येकदम वळलात. खरंच हाय त्ये. मी वळाया नको हुतं. चुकलंच माजं."

"का वळलात पण?"

"का म्हंजी? मागनं वरडलं की कुनीतरी! टेकडीवर मागनं कुनी वरडलं तर एकतर भारा सुटलाय, न्हाईतर बिबट्या हाय. गेल्या साली आमच्या शेजारनीची शेळी नेली त्यानं. वळून बघाया नको?"

"ते 'साइड' म्हणाले होते."

"त्ये काय मला ठावं न्हाई बाई. हाक आली, मी वळले."

आम्रपाली पलंगाच्या कडेला बसली. टेकडी एक, वाट एक, हाकही एकच. ओरडणाऱ्याच्या लेखी तिचा अर्थ 'बाजूला हो', आणि ऐकणाऱ्या बाईला आयुष्यभर ठाऊक असलेला अर्थ 'मागं बघ'! टेकडीवरच्या माणसांनी एकमेकांना वाचवायला ठरवलेली खूण त्यांच्या गटानं बाईला हटवायला वापरली होती.

"आजी, चूक तुमची नाही," ती म्हणाली. "वळलात ते बरोबर केलंत. मी जोरात होते. मला अठरा मीटर लागतात थांबायला, आणि तुम्ही दिसलात अकरा मीटरवर. तुम्ही वळला नसता तरी माझ्या हातात काही नव्हतं."

"मग चूक कुनाची?"

"माझी."

पुतळाबाईंचे डोळे भरले. "बरं केलंस सांगितलंस. दोन रात्री मी सवताला शिव्या देत हुते. सुनेच्या जिवाला घोर, म्हशी उपाशी, समदं माज्यापायी..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "चालाया येईल ना गं? दुसरं काय बी नको. टेकडी चढता आली पायजे."

हर्षालीनं आजीच्या पायावरची चादर सारखी केली.

बुधवारी पंचायतीच्या खोलीत गट एका भिंतीला आणि गाव दुसऱ्या भिंतीला बसलं होतं. सरपंचबाई आणि वनरक्षक मध्ये. आम्रपाली उभी राहिली, आणि तिचा पहिला फॉर्म तिनं सगळ्यांसमोर फाडला. दुसरा वाचला. धडक का बसली? सायकल थांबू शकली नाही. का? वेग ताशी एकतीस होता. का? मर्यादा आम्ही काढली होती. बाईंना कळलं का नाही? सायकलीला आवाज नाही आणि घंटी आम्ही काढली होती. त्या वळल्या का? आम्ही मागून ओरडलो.

"खाली सही माझी आहे," ती म्हणाली. "धडक मी दिली."

"राव, काय करतेयस तू?" सिद्धेश उठला. "गटाला बुडवतेस! हे आता पोलिसांपर्यंत जाईल."

"जाऊ दे. तूच सांग सिद्धेश, तुझ्या कारखान्यात फोर्कलिफ्टनं माणूस पाडला, तर 'माणूस अचानक वळला' असा रिपोर्ट तू घेशील?"

सिद्धेश एका गाड्यांच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा.

"फाडून टाकशील," आम्रपाली म्हणाली. "आठवडाभर आपण यलो लाइन पाळतो आणि रविवारी टेकडीवर आलो की विसरतो. का? तिथं दंड करणारं कुणी नाही म्हणून?"

गावाकडच्या भिंतीवरून एक म्हातारा म्हणाला, "सायकली बंदच करा सरपंचबाई. कशाला पायजे ही ब्याद?" त्याला बरेच जण दुजोरा देऊ लागले. वाद दोन तास चालला, आवाज चढले, एकदा खुर्चीही आपटली गेली. शेवटी सरपंचबाईंनी आणि वनरक्षकांनी ठरवलं ते असं: गवत कापणीचे दोन महिने सायकली टेकडीवर पूर्ण बंद. त्यानंतर यायचं तर मर्यादा परत बसवून, घंटी लावून. वळणावर पायी माणसाचा वेग. पुढं चालणारं कुणी असलं, तर लांबूनच घंटी द्यायची, मग थांबायचं. डोक्यावर ओझं असलं तर उतरून उभं राहायचं, आणि ते माणूस स्वतः बाजूला होऊन 'जा' म्हणेल तेव्हाच जायचं. मागून ओरडायचं नाही.

गटातले तिघे बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. सिद्धेश मात्र अंगणात आम्रपालीजवळ थांबला. बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

"सगळ्यांच्या सायकलींना पंचवीस परत लावलेत," तो शेवटी म्हणाला. मग मोबाइल खिशात टाकत, "ती सफरचंदं न्यायला नको होती मी. म्हणजे, तसं बोलायला नको होतं."

"हे मला नको सांगूस. त्यांना जाऊन सांग."

तो गेला. दवाखान्यात काय बोलला ते आम्रपालीनं विचारलं नाही.

वाचकहो, आपल्या गावांच्या कडेच्या टेकड्या आता कुण्या एकट्याच्या राहिलेल्या नाहीत. तिथं गवताला जाणारी बाई आहे, गुरं आहेत, सकाळी चालायला येणारे आजोबा आहेत आणि बॅटरीवरच्या सायकलीही आहेत. सायकलीनं हवा बिघडत नाही, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. वाट जेव्हा सगळ्यांची असते, तेव्हा ज्याच्याकडं वेग आणि वजन जास्त, त्याच्याकडं जबाबदारीही जास्त. थांबण्याचं काम त्याचं. आणि हातून चूक झालीच, तर ती आपल्याच नावावर लिहावी. पडलेल्या माणसाच्या नावावर लिहू नये.

चार महिन्यांनी, मार्चमध्ये, आम्रपाली पुतळाबाईंना तपासणीला घेऊन गेली. कोंडीरामही बरोबर होते; त्यांनी पुतळाबाईंना हात धरून पलंगावर निजवलं. डॉक्टरांनी सळईचा एक्स-रे उजेडासमोर धरून बघितला, हाड जुळलंय म्हणाले. मग त्यांनी टेप काढली आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. आम्रपालीनं आकडे लिहून घेतले.

डावा पाय: अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. उजवा, मोडलेला: पंचाहत्तर पूर्णांक आठ.