एतेवीसेच्या गालाजवळचा आकडा

मी एक लाइट मीटर. तळहातात मावेन एवढा, पोटात एक काटा आणि कपाळावर काचेची खिडकी. समोरच्या वस्तूवरून परत येणारा उजेड मी मोजतो आणि फोटोसाठी किती घ्यावा ते सांगतो. चाळीस वर्षं हेच केलं. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता यायचं नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे जग राखाडी आहे. काळं असो की पांढरं, समोरचं सगळं मी राखाडीच समजायचं आणि फोटोतही ते तसंच उतरेल इतका उजेड सांगायचा. मी सरळमार्गी. शिकवलं ते गिरवलं.

माझा पहिला मालक म्हणजे सामोआत, सवाई बेटावरच्या शाळेत आलेला न्यूझीलंडचा एक मास्तर. तो माझा शब्द खाली पडू द्यायचा नाही. ऑक्टोबरात मुलांचा रविवार आला. त्या दिवशी गावची सगळी पोरं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभी राहून वचनं म्हणून दाखवतात. दुसऱ्या दिवशी मास्तरनं मला त्या कपड्यांपुढे धरलं. मी घाबरून सांगितलं, "फार उजेड आहे, कमी कर!" त्यानं कमी केला. फोटो आले तेव्हा कपडे राखाडी आणि चेहरे तव्यासारखे काळे. आया फोटो उलटसुलट करून आपलं पोर शोधत बसल्या. एकीनं तर झालरीवरून ओळखलं. माझं गणित चोख होतं, मग या बायका का हिरमुसल्या, मला काही कळेना.

मास्तर मायदेशी गेला तेव्हा कॅमेरा आणि मी, दोघांना लुपेच्या हवाली करून गेला. लुपे त्याच्याकडे स्वयंपाक करायची. जाड हाडाची, मोठ्यानं हसणारी, आणि माझ्या बाबतीत अगदी बेपर्वा. मी झग्याकडे बघून जेवढा उजेड सांगायचो, त्याच्या चौपट ती घ्यायची! आधी वाटलं, बाईला आकडे वाचता येत नसतील. पण नाही, ती इमानेइतबारे मला विचारायची, मान डोलवायची आणि मग चौपट करायची. ऐकायचंच नाही, तर विचारता कशाला?

आणि तिचे फोटो तर अजबच. चर्चची चुन्याची भिंत, पांढरा झगा, मागचं आभाळ, सगळं एकमेकांत विरघळलेलं, आणि मधोमध पोराचा तपकिरी हसरा चेहरा. माझ्या हिशेबानं हे सरळसरळ बिघडलेले फोटो. पण पलीकडच्या गावांतल्या बायकासुद्धा पोरांना घेऊन तिच्याकडे यायच्या.

त्याला आणखी एक कारण होतं. रविवारी काम केलेलं आमच्या गावच्या पंचांना खपत नाही, म्हणून फोटो सोमवारी काढायचे. तोवर झग्यावर रविवारच्या जेवणातल्या कोकोभाताचे डाग पडलेले असायचे. लुपेच्या उजेडात ते नाहीसे व्हायचे. "कपडे धुवायला वेळ नाही? जा लुपेकडे," असं बायका हसून म्हणायच्या. त्याच बोलण्यानं पुढे घोळ झाला.

एका सोमवारी सेरा आपल्या सहा वर्षांच्या एतेवीसेला घेऊन आली. सेराचा नवरा पाउलो ऑकलंडला कारखान्यात होता. पोर रांगत असताना गेलेला, तो आता नाताळला पहिल्यांदा घरी येणार होता, आणि त्याआधी त्याला पोरीचा फोटो पाठवायचा होता. एतेवीसेच्या डाव्या गालावर भाजल्याचा वण होता. वर्षापूर्वी ती उमूच्या, म्हणजे रविवारच्या चुलीच्या, तापलेल्या दगडांवर पडली होती.

"लुपे मावशी," सेरा हळूच म्हणाली, "कोकोचे डाग जातात ना तुझ्या फोटोत? तसं तिच्या गालाचंही बघ की."

"गाल घालवला तर पोरगी हसेल कुठून?"

"चेष्टा नको गं. पाउलोला मी कळवलेलंच नाही. काय लिहू? इस्त्री करत होते आणि मागं वळून पाहिलं नाही, असं लिहू?"

लुपेनं मला झग्यासमोर धरलं, मी नेहमीसारखं सांगितलं, आणि तिनं त्याच्या सोळापट उजेड घेतला. सोळापट! मी हबकलोच.

चार दिवसांनी फोटो हाती आला. वण गेला होता. अर्धं नाकही गेलं होतं. दोन डोळे, ओठ आणि बाकी नुसता उजेड. सेरानं तो छातीशी धरला. एतेवीसेनं तो ओढून घेतला.

"ही कोण?"

"तूच की, वेडाबाई."

"मग हे कुठंय?" तिनं गालावर बोट ठेवलं.

"ते घालवलं. छान दिसतेस ना?"

पोरीनं मान हलवली. "आई, तूच म्हणालीस, बाबा फोटो बघून मला ओळखतील. आता विमानतळावर ते हिला शोधतील. ही तर येणारच नाही. मी समोर उभी असले तरी ते हिलाच शोधत बसतील."

सेरानं तोंड फिरवलं. लुपेनं फोटो पोरीच्या हातून घेतला.

"सेरा, झगा धुतात. पोर धुवायची नसते. मी तुझं ऐकलं, ती माझी चूक. आता पुन्हा काढते. आणि चुलीपाशी काय झालं ते मागच्या बाजूला तू लिही. ते काम माझं नाही."

पुन्हा तीच भिंत, तोच झगा. पण या वेळी लुपे वाकली आणि तिनं मला पोरीच्या गालापासून चार बोटांवर धरलं. माझ्या खिडकीत झगा नव्हता, भिंत नव्हती, नुसती तपकिरी कातडी आणि तो चकाकणारा वण. मी मोजलं आणि सांगितलं. लुपेनं तेवढाच उजेड घेतला, वर फार तर चिमूटभर.

मी चक्रावून गेलो. कारण गालाजवळ मी जो आकडा सांगितला, तो झग्याजवळच्या आकड्याच्या बरोबर चौपट होता. म्हणजे इतकी वर्षं ही बाई माझंच ऐकत होती? की मीच दरवेळी भलतीकडे बघून बोलत होतो? स्वयंपाकातलं मीठ जसं तिला अंदाजानं कळायचं, तसं हेही कळत असेल का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या फोटोत भिंत आणि झगा उजेडात विरघळले, कोकोचे डागही गेले, आणि एतेवीसे अख्खी राहिली, वणासकट. सेरानं मागे दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या, आणि तो टपालात टाकला.

महिन्यानं उत्तर आलं. सेरा पाकीट न फोडता घेऊन आली. "मावशी, तूच वाच. मला धीर होत नाही. तो म्हणेल, तू कुठं होतीस."

लुपेनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. "सेरा, तू सगळं एकटीनं निस्तरलंस आणि मी इथं होतो. पोरीला अजून दुखतं का?"

सेरा पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. एतेवीसे घाईघाईनं म्हणाली, "नाही दुखत म्हणून लिही. हसताना थोडं ओढतं, तेही लिही."

नाताळात विमानतळावरच्या गर्दीतून पाउलो थेट तिच्यासमोर येऊन थांबला. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. हे एतेवीसेनं स्वतः मला, म्हणजे मी ऐकत असताना लुपेला, सांगितलं. यंदा ती स्वतःच्या मुलीला फोटोसाठी घेऊन आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

माझा काटा आता हलत नाही. तरीही लुपे मला पोरांच्या गालाजवळ धरते, मान डोलवते आणि मनातला आकडा लावते. मी तिला काय सांगतो, ते माझं मलाच ठाऊक नाही. जग राखाडी आहे हे मला अजून तोंडपाठ आहे, पण त्यावर विश्वास उरलेला नाही. वाचकहो, माझ्यासारखा कोणी तुमच्या हाती आला तर त्याला दुरून काही विचारू नका. दुरून मी फार ठामपणे चुकतो. मला पोराच्या जवळ न्या.