बोईसरची चाळ

दामूने चौकटीवर मूठ आपटली, वाशात नख रुतवलं आणि भिंतीला कान लावला. होडी घेताना तो असंच करायचा.

"लाकूड चांगला हाय. गलनार नाय," तो बायकोला, हिराला म्हणाला.

बोईसर स्टेशनामागची ही चार खोल्यांची चाळ कमलाकांत शेठ विकत होता. तयार, भाडेकरूंसकट. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, तिथले वेल्डर आणि सुतार खोल्यांत राहत होते. शेठ म्हणाला, "आज घ्या, एक तारखेपासून भाडं सुरू. डोक्याला ताप नाही."

दामूचा जीव मात्र होडीत अडकलेला. "होडी आपल्या हातात रेते, हिरे. भाडेकरू उठला तर?"

"होडी पावसाल्यात पडून रेते, खोली नाय. आनि बलवंत होता का आपल्या हातात?"

त्यांच्या थोरल्या मुलाला, बळवंतला दोन वर्षांपूर्वी समुद्राने नेलं होतं. धाकटा सुका उरला होता. त्याला पाण्यात पाठवायचं नाही, एवढाच हिराचा हट्ट होता. होडी गावातल्याच भिकाला विकली आणि चाळ घेतली.

वासे तपासले, कौलं तपासली. पण तुमचं काम कधी संपणार, हे त्या वेल्डरांना कुणीच विचारलं नाही. समुद्राचं काम कधी संपत नाही. कामाला शेवट असतो हे या भाबड्या माणसांच्या डोक्यातच आलं नाही.

तीन वर्षं बरी गेली. मग केंद्र बांधून झालं आणि आठवडाभरात सगळे ट्रंका उचलून गेले. नवा भाडेकरू मिळेना, चाळीला गिऱ्हाईक मिळेना. दामूला दम्याने धरलं. शेवटी सुका आपणहून भिकाकडे गेला, खलाशी म्हणून.

नारळी पुनवेला भिकाची बायको पुष्पलता नारळ पुढे करून म्हणाली, "वयनी, तुमी पूजा करा."

"मालकिनीनंच करायची," हिरा म्हणाली. तिने नारळ परत पुष्पलताकडे सरकवला.

दुसऱ्या पहाटे होड्या निघाल्या. सुका ओरडला, "आये, रडू नको! खोल्यांना कोनी आला का मी परत जमिनीवर."

"येल की," हिरा म्हणाली.

होडी दिसेनाशी झाल्यावर ती तशीच बोईसरला गेली आणि चारही रिकाम्या खोल्या झाडून काढल्या.