दोन ते पाच बंद

बाईंनी न्हाव्याच्या बाकापासून खडूची रेघ ओढायला घेतली. औषधवाल्याच्या बुटापाशी ती अडली.

"पाय उचल."

"बाई, तुमचा रस्ता माझ्या दुकानातून चाललाय."

"मग तक्रार कर. पण रेघेच्या आत घरची भाषा नाही."

औषधवाल्याने वर छताकडे बघितलं, शब्द जुळवले आणि 'रस्ता दुकानातून जातोय'ऐवजी 'दुकान रस्त्यावरून चालत जातंय' असं काहीतरी स्पॅनिशमध्ये सांगितलं. समोरच्या बाकावरून बेकरीवालीने लगेच विचारलं, दुकान कुठे चाललंय, येताना माझ्यासाठी अंडी आणेल का. वर्ग हसला. बाईही हसल्या आणि रेघ पुढे नेली.

वर्गात पंधरा-सोळा वर्षांची चौदा मुलं होती. दोन भिंतींना टेकून सात-सात बाकं, मध्ये रस्ता, ही त्यांची स्पॅनिश गल्ली. वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी प्रत्येकाला एक धंदा, एक घर क्रमांक, एक दुखणं आणि शेजाऱ्याशी एक भांडण वाटून दिलं होतं. भांडण सगळ्यात महत्त्वाचं. बाईंचं म्हणणं असं, की गोड बोलणं माणूस पाठ करून बोलू शकतो, भांडण पाठ करून करता येत नाही. बेकरीवालीचं भांडण न्हाव्याशी होतं. तो दुकान झाडून केस तिच्या उंबऱ्यावर लोटतो. पहिल्या महिन्यात ती फक्त 'नो, नो' म्हणायची आणि लाल व्हायची. आता ती सलग दोन मिनिटं त्याचा उद्धार करू शकत होती, आणि त्यात त्याच्या आजोबांच्या टकलाचाही समाचार घेत होती.

त्या दिवशी अकरा वाजता भाषा विभागाच्या अधिकारी तास बघायला येणार होत्या. पुढच्या दोन वर्षांसाठी शाळेत स्पॅनिश ठेवायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर आणि मुलांनी भरलेल्या फॉर्मवर ठरणार होतं. किमान दहा मुलं हवी होती. फॉर्म गेल्याच आठवड्यात घरी जाऊन परत आले होते. कुणी काय भरलं, ते बाईंनी एकालाही विचारलं नव्हतं. मुलाला डोळ्यात डोळे घालून विचारलं की ते आपल्याला हवं तेच उत्तर देतं, हे त्यांना एकतीस वर्षांत चांगलं कळलं होतं.

"अहवाल चांगला येऊ दे बाई, पुढचं मी भांडतो," मुख्याध्यापक म्हणाले होते.

सकाळी बाईंनी मुलांना एवढंच सांगितलं, "त्या आल्या तरी त्यांच्याकडे बघायचं नाही. त्यांच्यासाठी काही वेगळं करायचं नाही. गल्ली रोज चालते तशी चालली पाहिजे. एकही नियम मोडायचा नाही. कळलं?"

"बाई, मी त्यांचे केस कापू का?" न्हाव्याने विचारलं.

"आधी स्वतःचे काप."

बाजाराचा दिवस ठरला होता. बेकरीवालीने घरून खऱ्या पावांची टोपली आणली होती. पोस्टमनने सात घरांना सात पत्रं लिहिली होती, त्यातलं एक चुकीच्या दारात टाकायचं आणि मग त्यावरून गल्लीभर गोंधळ, असा बेत होता. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. अधिकारी दुसऱ्या शाळेत अडकल्याचा निरोप आला. मुलं गणिताच्या तासाला गेली. जेवणाच्या सुट्टीत टोपलीतले पाव औषधवाल्याने आणि त्याच्या मित्रांनी संपवले.

"शेरास सव्वाशेर," बेकरीवाली रिकामी टोपली उलटी करत म्हणाली. "न्हाव्याला सांभाळत बसले आणि याने लुटलं."

दोन वाजता त्यांचा नेहमीचा गुरुवारचा तास सुरू झाला.

गुरुवारचा तास जेवणानंतरचा, त्यामुळे त्याला बाईंनी एक वेगळा नियम लावला होता. स्पॅनिश मुलखातल्या मोठ्या शहरांत दुकानं आता दिवसभर उघडी असतात, हे त्यांनी मुलांना सांगितलं होतं. पण ही गल्ली लहान गावातली होती. तिथे दोन ते पाच बंद. तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत तीन तास उरकायचे. प्रत्येकाने आपल्या बाकावर पुठ्ठ्याचं शटर उभं करायचं आणि त्याच्यामागे डोकं टेकायचं.

"खरंच झोपलो तर?" पहिल्या गुरुवारी औषधवाल्याने विचारलं होतं.

"झोप. पण कुणी दार वाजवलं तर आतून उत्तर दुकानदाराचं आलं पाहिजे, शाळेतल्या मुलाचं नाही."

वर्षभरातला मुलांचा सगळ्यात लाडका नियम तोच होता. पंधरा मिनिटं झाली की बाई टेबलावरची छोटी घंटा वाजवत आणि गल्लीला जाग येई.

दोन वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. मुख्याध्यापक आत आले, त्यांच्यामागे हातात जाड फाईल घेतलेल्या, घामेजलेल्या अधिकारी. समोर चौदा पुठ्ठे आणि चौदा पुठ्ठ्यांमागे चौदा डोकी आडवी. कुणीतरी मंद घोरत होतं. खोटं घोरणं असावं अशी बाईंना आशा होती.

"हे काय?" मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले. "बाई, उठवा ना त्यांना."

बाईंचा हात घंटेकडे गेला. एक पुठ्ठा किंचित हलला. फटीतून न्हाव्याचा एक डोळा दिसला. डोळ्याने अधिकारी बघितल्या, मुख्याध्यापक बघितले आणि अतिशय निष्ठेने स्वतःला मिटून घेतलं. एकही नियम मोडायचा नाही. पोरं शब्दाला जागत होती.

घंटा वाजवली असती तर बाजार सुरू झाला असता. पाव नव्हते, पण पत्रं होती, भांडणं होती. बाईंनी घंटा उचलली. तिचा लोलक आवाज होऊ नये म्हणून बोटांत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. का, ते त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. अजून पाच मिनिटं होती, एवढंच.

मुख्याध्यापकांना धीर निघाला नाही. ते पुढे झाले आणि त्यांनी पहिल्या बाकावर टकटक केलं. ते बाक बेकरीवालीचं होतं.

"ए, उठा. पाहुण्या आल्यात."

पुठ्ठ्यामागून आवाज आला. जड, झोपेत बुडालेला, थोडा चिडलेला.

"अब्रीमोस आ लास सिंको."

आणि रस्त्याच्या पलीकडून न्हावी उशीत तोंड खुपसल्यासारखा पुटपुटला, "के हेन्ते!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. चोविसाव्या वर्षी, तिकडच्या एका लहान गावातल्या पहिल्याच आठवड्यात, त्यांची दाढ ठणकत होती. भर दुपारी रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी औषधाच्या दुकानाचं शटर वाजवलं आणि आतून एका म्हाताऱ्याचा असाच जड आवाज आला होता, हेच वाक्य घेऊन. औषध मिळालं नाही. पण बाई गालावर हात धरून उन्हात उभ्या राहून हसल्या होत्या, कारण ते वाक्य मनात घरच्या भाषेत न उलटवता, थेट कळलं होतं. तिथे त्या आठ महिने राहिल्या. मग इथे येऊन एकतीस वर्षं शिकवलं. इतकी मुलं हाताखालून गेली, पारितोषिकं मिळवणारीही झाली. पण प्रत्येकाच्या वाक्याआधी एक क्षण असायचा, छताकडे बघण्याचा. आत्ताच्या या वाक्याआधी तो नव्हता.

"काय म्हणाली ती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाच वाजता उघडतो, म्हणाली."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "आत्ता सव्वादोन होतायत."

"हो."

"आणि तो मुलगा?"

"काय एकेक लोक असतात, म्हणाला. तुम्हाला नाही. म्हणजे, तुम्हालाच. पण गल्लीतला दुकानदार म्हणून."

अधिकारी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फाईलमधल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. "तुम्ही जरा बाहेर येता का?" त्या म्हणाल्या. मुख्याध्यापक दाराशीच थांबले. बाईंच्या लक्षात आलं की ते त्यांच्याकडे बघायचं टाळतायत.

व्हरांड्यात अधिकाऱ्यांनी रुमालाने मान पुसली. "मी वाईट काही लिहिणार नाही, बाई. मुलं शिस्तीत होती असं लिहिते. तेही खोटं नाही."

"मी घंटा वाजवायला हवी होती," बाई म्हणाल्या. "त्यांचा दोष नाही. तुम्ही अजून अर्धा तास थांबलात तर..."

"त्याने काही होणार नाही." त्यांनी फाईलचं शेवटचं पान उघडून बाईंपुढे धरलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

फॉर्म टाचणीने एकत्र लावलेले होते. बाईंनी चष्मा खाली ओढला आणि एकेक पान उलटलं. संगणक. संगणक. लेखाशास्त्र. संगणक. प्रत्येक फॉर्मखाली आईची नाहीतर वडिलांची सही आणि शेजारी मुलाची. न्हाव्याचं वाकडं अक्षर. औषधवाल्याचं, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेलं. बेकरीवालीचं गोल, टपोरं, त्यांनीच वर्षभर वह्यांतून तपासलेलं. चौदा फॉर्म होते. दहा तर सोडाच, एकावरही स्पॅनिश नव्हतं.

"मग तुम्ही आलात कशाला?"

"नियम आहे. बंद करायच्या आधी एकदा वर्ग बघावा लागतो." त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीनेही संगणकच घेतलाय."

त्या गेल्या. मुख्याध्यापक त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले आणि परत आले नाहीत.

बाई वर्गात आल्या तेव्हा घंटा अजून त्यांच्या हातातच होती. पुठ्ठे तसेच उभे होते. अडीच होऊन गेले होते. गल्ली गुरुवारी इतका वेळ कधी बंद राहिली नव्हती. त्यांनी बोटं सोडली, घंटा किणकिणली.

चौदा पुठ्ठे धडाधड आडवे झाले.

"गेल्या?" न्हावी ओरडला. "बाई, मी हाललोसुद्धा नाही!"

"डोळा उघडला होतास," पोस्टमन म्हणाला. "मला दिसला."

"आणि घोरत कोण होतं? औषधवाला! खरंच झोपला होता बाई हा, पाव खाऊन."

"मी भूमिकेत शिरलो होतो," औषधवाला म्हणाला.

सगळे रेघेच्या आत होते आणि घरच्या भाषेत बोलत होते. बाईंनी टोकलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या. बेकरीवाली बाकावरून उठून त्यांच्या टेबलापाशी आली. गालावर वहीच्या कडेचा लाल वळ उमटला होता.

"सरांना मी उलट बोलले, ते रागावले का?"

"नाही. छान बोललीस."

"खरंच? मला कळलंच नाही मी काय बोलले ते. आपोआप आलं." ती हसली. मग तिने आवाज खाली केला. "त्या हो म्हणाल्या ना बाई? गल्ली राहणार ना पुढच्या वर्षी?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. ती मनापासून विचारत होती. मागे औषधवाला, पोस्टमन, घरमालकीण, सगळे ऐकायला लागले होते.

"तू असशील?" बाईंनी विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"मी?" ती गोंधळली. "मी नाही ना बाई. बाबांनी संगणकाचं ठरवलंय, आणि मलाही... म्हणजे पुढे उपयोग होतो ना त्याचा. पण बाकीचे आहेत की." तिने मागे वळून बघितलं.

बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं. न्हावी खडूच्या रेघेवरून बुटाचं टोक फिरवत राहिला. मग औषधवाला म्हणाला, "खालच्या वर्गातली येतील. ती खूप आहेत."

"हो, ती येतील," बेकरीवाली लगेच म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. "पण बाई, बेकरीत कुणालाही बसवू नका हं. गरीब स्वभावाची मुलगी नकोच. न्हावी डोक्यावर बसेल तिच्या. भांडकुदळ बघा एखादी."

"न्हावी पण तसाच हवा," न्हावी म्हणाला. "माझ्यासारखा देखणा नाही मिळणार, पण जरा विनोदी."

"पोस्टमनला भरभर चालता यायला पाहिजे."

"औषधवाल्याला पाव देऊ नका."

ते टेबलाभोवती गोळा झाले. प्रत्येकाला आपल्या जागेबद्दल काही ना काही सांगायचं होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एकेक जण बोला."

त्यांनी खणातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीने वर लिहिलं, बेकरी. त्याखाली, भांडकुदळ हवी.

"पुढे?"