तारखेपर्यंत पुरवलेलं दूध

नमस्कार करायला मला हात नाहीत, मित्रांनो, तो मनातल्या मनात स्वीकारा. मी एक जुना दूधभुकटीचा डबा आहे. वसमतजवळच्या एका वस्तीवर, चतुराबाईंच्या चुलीमागच्या फळीवर माझा मुक्काम असतो. सध्या माझ्या पोटात खडेमीठ आहे, आणि मिठानं पत्र्याचं काय होतं ते तुम्ही जाणताच.

१९७४ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा वाकवून मला गोल केलं, पोटात एक किलो भुकटी भरली आणि हवा शिरू नये म्हणून तोंड पक्कं बंद केलं. शेवटी बुडावर दोन तारखा उठवल्या. पहिली माझ्या जन्माची. दुसरी १९७५ च्या जानेवारीची. माझं तोंड बंद राहिलं तर तोवर आतलं दूध चांगलं राहील, एवढाच तिचा अर्थ. मी त्या तारखा मिरवीत निघालो. वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ कळेल की नाही, हा विचार माझ्या पत्र्याच्या डोक्यात कुठून येणार?

भीमजयंतीनंतर चार दिवसांनी दवाखान्यात मी चतुराबाईंच्या हाती पडलो. त्यांची सून चांगुणा विषमज्वरातून नुकतीच उठली होती. तिचं दूध आटलं होतं आणि दोन महिन्यांची सुजाता भुकेनं सारखी रडत होती. नर्स पद्माबाईंच्या दारात बायकांची ही रांग लागलेली. त्यांनी घाईघाईत सांगितलं, "पाणी उकळून घ्या, एका पेल्याला चार चमचे टाका. अन् बुडाला तारीख हाय, त्या तारखेच्या आत डबा संपवा."

घरी आल्यावर चतुराबाईंनी मला उलटं केलं. "डब्याला काहून तारीख? त्यानं काय गुन्हा केला?"

त्यांच्या ओळखीच्या तारखा दोनच होत्या, एक कोर्टाची आणि दुसरी रेशनची. सुजाताचा बाप कोंडीबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, म्हणून गाठींवरचे इंग्रजी आकडे त्याला वाचता येत. त्यानं वाचलं, "पंचाहत्तरचा जानेवारी हाय, माय."

चतुराबाईंनी बोटांवर महिने मोजले. "म्हंजे नऊ महिने. तवर दुसरा डबा मिळायचा न्हाई. ह्योच पुरवायचा हाय, चांगुणे. चार न्हाई, एकच चमचा टाक, अन् त्यो बी दिसातून दोनदाच. मधी पेजंचं पाणी पाज."

हसू नका, मित्रांनो. बहात्तरच्या दुष्काळात याच बाईंनी रेशनची मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत पुरवून सात माणसं जगवली होती. आधी संपलं तर पुढचं मिळत नसे. पोटाला चिमटा घेऊन शिकलेलं ते शहाणपण होतं आणि त्यांनी ते जीव लावून नातीसाठी वापरलं.

मग माझे लाड सुरू झाले. मला फडक्यात बांधलं, मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत उभं केलं. मला अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. शेजारची पारुबाई म्हणाली, "महिना झाला तरी डबा भरलेलाच. सासू असावी तर अशी." ते ऐकून मी फुगलो. पत्र्याला गर्व शोभत नाही, पण झाला खरा.

सुजाताच्या पेल्यात मात्र पांढुरकं पाणी जात होतं. ते पिऊन ती घटकाभर गप्प राही आणि पुन्हा रडे. चांगुणा एकदा भीतभीत म्हणाली, "आत्याबाई, लेकरू हाताला हलकं लागून राहिलं."

"तारीख लांब हाय, पोरी," चतुराबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी सुजाताला स्वतःच्या पोटाशी घेतलं.

जूनमध्ये सुजाताचं रडणं कमी झालं. घरच्यांना वाटलं, पोरगी निवली. तिच्यात रडायचंही बळ उरलं नव्हतं, हे मी बघत होतो. मी भरलेला, आणि हातभर अंतरावर लेकरू उपाशी. ओरडून सांगावंसं वाटे, पण डबा आपणहून वाजत नाही. त्यातच दमट हवा झाकणातून आत शिरली, भुकटीचे खडे झाले आणि मला माझाच आंबूस वास येऊ लागला.

महिनाअखेरीस पद्माबाई दवाखान्याच्या जीपमधून वस्तीवर फिरतीला आल्या. त्यांनी सुजाताच्या दंडाची सैल कातडी चिमटीत धरून पाहिली आणि डबा मागितला. चतुराबाईंनी मोठ्या कौतुकानं मला पुढं केलं. पद्माबाईंचा हात माझ्या वजनानं खाली गेला.

"ह्यो अजून एवढा जड काहून?"

"पुरवून राहिले, बाई. जानेवारी लई लांब हाय."

पद्माबाईंनी झाकण उघडून आत बघितलं आणि त्या चतुराबाईंसमोर बसल्या. त्या रागावल्या नाहीत. "आई, ही रेशनची तारीख न्हाई. ही दुधाची हाय. झाकण बंद असलं तर तवर दूध टिकतं. एकदा उघडलं की लवकर संपवायचं. ह्यो डबा पंधरा दिसांचा होता, संपला की मी दुसरा देणार होते." मग खाली बघत म्हणाल्या, "पर मी त्ये सांगितलंच न्हाई. चूक माझी बी हाय."

चतुराबाईंनी माझ्या बुडावरच्या तारखेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे घरात दूध असून म्या तिला उपाशी ठिवलं."

त्याच जीपमधून सुजाताला वसमतच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. अकरा दिवस ती तिथं होती. माझ्या पोटातलं उरलेलं दूध उकिरड्यावर गेलं. नवा डबा आला, तो चतुराबाईंनी बारा दिवसांत झटकून रिकामा केला आणि दुसरा मागायला स्वतः चालत गेल्या. पोरगी वाचली, मित्रांनो. माझ्यामुळं वाचली असं मात्र मला म्हणता येत नाही, आणि ते दुःख गंजापेक्षा जास्त खातं.

सुजाता आता पाच वर्षांची आहे. परवा तिनं मला फळीवरून ओढलं, मीठ सांडलं आणि बुडावर बोट ठेवून विचारलं, "आजे, ह्ये कशाचे आकडे?"

मीठ गोळा करता करता चतुराबाई म्हणाल्या, "म्या तुझी भूक मोजली व्हती, त्याचे."

तिला काय कळणार? ती भाकरी मागत चुलीपाशी गेली. चतुराबाईंनी तिला एकीच्या जागी दोन वाढल्या.

मित्रांनो, डबा घरी आणलात की बुडाची तारीख वाचा. अर्थ कळला नाही तर विचारायला लाजू नका, आणि ज्याला कळतो त्यानं सांगायला घाई करू नये. आणि एकदा झाकण उघडलंत की आम्हाला जपू नका. ज्याच्यासाठी आणलं, त्याला पोटभर द्या.