सुमनबाईंची मफी

व्हिडिओवाल्या फारुखने चुकीची कॅसेट दिली, तिथून सगळं सुरू झालं.

शुक्रवारी सुट्टी. हूऱ्याच्या बाजारात जाऊन कामावरच्या बायकांसाठी पिक्चर आणायचं काम माझ्याकडे होतं. मी हिंदी मागितला. त्यांच्या रूमवर येऊन लावला तर जुना इंग्लिश, ब्लॅक अँड व्हाइट. कारखान्यातल्या बायकांचा. मी म्हटलं, बदलून आणतो. सुमनबाई म्हणाल्या, "राहू दे बावा. मशिनी हायेत त्यात. पाहू तरी."

भाषा कुणालाच कळत नव्हती. पण त्यातल्या बायका मॅनेजरवर चिडतात, मशिनी बंद करतात आणि तिथंच बसून चहा पितात, एवढं सगळ्यांना कळलं. गोदाबाई तर लोळायच्या बाकी होत्या. "तो मॅनेजर पाहा गं! आपला मुख्तारच, फक्त गोरा!"

आम्ही बहारीनमध्ये, हिद्दला एका शिलाई कारखान्यात होतो. हॉटेलांचे युनिफॉर्म शिवायचे. मी मशिनी दुरुस्त करायचो. कुठे शिकलो नाही, खोलत खोलत जमलं. सुमनबाई अकोल्याच्या, कॉलर बसवायच्या. त्यांच्या शेजारच्या मशिनीवर गोदाबाई. मुख्तारभाई सुपरवायझर, हैदराबादचे. माणूस वाईट नव्हता. ऑर्डर अंगावर आली की ओरडायचा, इतकंच.

त्या आठवड्यात पांढऱ्या शर्टांची ऑर्डर होती. कुणाचा तरी चहा शर्टांवर सांडला. मुख्तारभाईंनी किटली उचलली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आज से चाय बंद."

"भाईसाब," सुमनबाई म्हणाल्या, "शर्ट पे दाग पडा तो शर्ट धोव ना. किटलीने क्या किया?"

"जबान मत चलाओ. मशीन चलाओ."

सुमनबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. सगळ्या मशिनी एकदम गप्प. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

"खलास," त्या म्हणाल्या आणि फरशीवर बसल्या. मग एकेक करत सगळ्या बसल्या.

थोड्या वेळाने गोदाबाई हळूच म्हणाल्या, "पण सुमन, पिक्चरमध्ये त्यांच्याकडे चहा होता."

मुख्तारभाईंनी मालकिणीला फोन केला. ऑफिसातून बाहेर आले ते तोंड पाडूनच. बाकीच्यांना माफ, पण स्विच सुमनबाईंनी ओढला होता. उद्या मॅडम येणार. त्यांच्यासमोर हात जोडून माफी मागायची. नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि पहिल्या विमानाने घरी.

संध्याकाळी व्हॅनमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मावशी, बोलून टाका ना. एक शब्द तर आहे."

"काहून? मी चोरी केली काय? कोनाले मारलं काय? हात मी बुद्धासमोर जोडतो. मुख्तारसमोर नाही."

"आणि श्रावस्तीचं?"

श्रावस्ती त्यांची मुलगी. तिकडे अकोल्याला नर्सिंगला होती. बाप नव्हता. सुमनबाईंची नोकरी गेली की तिचं कॉलेज बंद, हे व्हॅनमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या म्हणाल्या, "तिले काय सांगू मंग? मायनं चहासाठी हात जोडले?"

रूम आली तशी मी उतरून त्यांची पिशवी खाली घेतली.

सकाळी मॅडम आल्या. जुबैदा मॅडम, इथल्याच, बहारीनी. काळा पायघोळ अबाया, हातात गाडीची चावी, चेहरा झोपेतून नुकताच उठल्यासारखा. आमच्याशी तोडकं मोडकं हिंदी बोलायच्या, मधेमधे अरबी.

मुख्तारभाईंनी सुमनबाईंना पुढे बोलावलं. "बोलो. एक ही लफ्ज है. माफी."

सुमनबाईंनी हात मागे बांधले.

"मफी," त्या म्हणाल्या. स्पष्ट.

आता इथल्या अरबीत मफी म्हणजे नाही. पानी मफी, गाडी मफी, छुट्टी मफी. विमानातून उतरल्यावर माणूस पहिला हाच शब्द शिकतो. बाईंनी सरळ नाही म्हटलं होतं. गेली नोकरी.

पण मुख्तारभाईंचा चेहरा उजळला. त्यांना जे हवं होतं तेच ऐकू आलं.

"मॅडम," ते म्हणाले, "इसने मशीन बंद किया था. अब माफी मांग लिया. मामला खतम."

मॅडमना मात्र तिसरंच ऐकू आलं होतं. त्यांनी सुमनबाईंकडे बघितलं. "क्या मफी?"

म्हणजे काय नाहीये? सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे.

"चाय मफी," त्या म्हणाल्या.

"किटली मफी!" मागून गोदाबाई ओरडल्या. "कपाट में लॉक!"

"चाय मफी?" मॅडम मुख्तारभाईंकडे वळल्या. "लेश? क्यों?"

"मॅडम, वो शर्ट पे दाग…"

"दरवाजे के पास पीयेगा. उधर शर्ट नहीं." मॅडम एका स्टुलावर बसल्या. "मेरा भी सुबह से चाय मफी. यल्ला, जल्दी, मुख्तार."

मुख्तारभाईंनी कुलूप काढलं. चहा झाला. पहिला कप मॅडमना. त्या दोन घोटांत पिऊन निघून गेल्या. दुसरा कप मुख्तारभाई स्वतः सुमनबाईंकडे घेऊन आले. जिंकलेला माणूस कसा मोठ्या मनाने वागतो, तसे.

"अच्छा किया आपने. दिल साफ हो गया."

सुमनबाईंनी कप खाली ठेवला. मी ओव्हरलॉक मशिनीच्या मागून मान हलवून खुणावत होतो, नको मावशी, राहू द्या. त्यांनी बघितलंच नाही.

"भाईसाब," त्या एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "माफी. मफी."

मुख्तारभाईंनी छातीवर हात ठेवला. "अरे बस, बस! दो-दो बार क्यों? एक बार काफी था."

आणि खुशीत ऑफिसकडे गेले.

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "इतके वर्ष झाले इथं. याले अरबी येत नाही काय?"

"येतं मावशी. पण आज त्यांना उर्दूच ऐकायचं होतं."

त्या हसल्या नाहीत. चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"साखर टाक आणखी," म्हणाल्या आणि कप माझ्यापुढे धरला.